कोरिया कुणाच्या हद्दीत?

"जपान नाही, चीन नाही, आपणही नाही. मग आशियात राहिलं कोण रे? रान गेलं, बांध तेवढा राहिला की!"

हा प्रश्न दादाचा, आणि दिवस 1 नोव्हेंबर 2023 चा. बेळगावात त्या दिवशी एकाच शहरात दोन दिवस असतात. चन्नम्मा चौकात राज्योत्सवाचे ढोल आणि आमच्या बाजूच्या गल्ल्यांत काळा दिन. दुकानं बंद, उद्यमबागेतले कारखाने बंद, म्हणून दादा घरी. योगायोग असा की स्टुटगार्टातही 1 नोव्हेंबरला सुट्टी असते, ऑल सेंट्स डेची, म्हणून पुतण्याही घरी. दुपारी तीनला आमचा व्हिडिओ कॉल लागला. तिकडे साडेदहा वाजले होते आणि हा अजून चहाच प्यायलाय.

विषय एकच होता: 6,000 युरो कुठल्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअरांच्या ठरलेल्या यादीप्रमाणे (निर्देशांकाप्रमाणे) पैसे लावणाऱ्या फंडात, घालायचे. पुतण्याने दोन फंड निवडून ठेवले होते, त्यातला एक जवळजवळ पक्का केला होता आणि माझ्याकडून फक्त होकार हवा होता. मी सल्लागार नाही. तीस वर्षं उद्यमबागेत फौंड्र्यांचे आणि मशीन शॉपचे हिशेब लिहिले, त्यामुळे निवृत्तीनंतर नातेवाईक कुठलाही आकड्यांचा कागद माझ्यापुढे आणून ठेवतात. हे प्रकरण लिहून ठेवण्याचं कारण म्हणजे त्यातली अडचण मला स्वतःला आधी दिसली नव्हती, आणि दिसली तेव्हा ती ओळखीची वाटली.

आधी काय होतं

पोरगा इथलाच इंजिनिअर. काही वर्षं एका हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात काढून शिकायला जर्मनीला गेला आणि तिकडेच नोकरीला लागला. बाजूला टाकलेले 34,000 युरो त्याने चार इंडेक्स फंडांत वाटले होते: उत्तर अमेरिका 18,000, युरोप 7,000, जपान 3,000 आणि उदयोन्मुख बाजार 6,000. एकच जागतिक फंड का घेतला नाही, असं विचारल्यावर म्हणाला, "त्यात सत्तर टक्के अमेरिकाच असते काका." ते खरं आहे. विकसित देशांच्या एमएससीआय वर्ल्ड निर्देशांकात अमेरिकेचा वाटा तेव्हा सत्तर टक्क्यांच्या आसपासच होता. तरी माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की एक फंड घेऊन गप्प बसणाऱ्याला पुढची सगळी डोकेदुखी नसते. पण त्याने पाच कप्प्यांचा डबा घेतला होता, चार कप्पे भरले होते, आणि पाचवा रिकामा दिसत होता. त्या रिकाम्या कप्प्यावर लिहिलं होतं: जपान सोडून उरलेला विकसित आशिया-पॅसिफिक.

म्हणूनच दादाला प्रश्न पडला. भारत आणि चीन निर्देशांकवाल्यांच्या भाषेत 'उदयोन्मुख', म्हणजे ते त्या 6,000 च्या कप्प्यात. जपान वेगळा. उरले ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग, सिंगापूर आणि न्यूझीलंड. दादा म्हणाला तसा बांधच.

आता ते दोन फंड. दोन्ही आयर्लंडमध्ये नोंदलेले, दोन्ही फ्रँकफुर्टच्या झेट्रा बाजारात मिळणारे. एकाच्या नावात 'पॅसिफिक, जपान वगळून', दुसऱ्याच्या नावात 'डेव्हलप्ड एशिया पॅसिफिक, जपान वगळून'. पहिला एमएससीआय कंपनीच्या निर्देशांकावर चालणारा, वर्षाचा खर्च 0.20 टक्के. दुसरा एफटीएसई कंपनीच्या निर्देशांकावर, खर्च 0.15 टक्के. पहिल्यात शंभरच्या आसपास कंपन्या, दुसऱ्यात त्याच्या तिपटीहून जास्त. आणि गेल्या वर्षाचा परतावा दुसऱ्याचा ठळक जास्त.

पुतण्याचं म्हणणं सरळ होतं. "स्वस्त, जास्त कंपन्या, जास्त परतावा. दोन्ही माल एकच. मग दुसराच घेतो."

माल एकच, हे शब्द माझ्या कानात अडकले. फौंड्रीत एकाच ड्रॉइंगचं कास्टिंग दोन ठिकाणी ओतून घेतलं आणि एकीकडचं दर वेळी हलकं भरलं, तर स्वस्त पडलं म्हणून कुणी नाचत नाही. आत काय नाही ते आधी बघतात.

लाल पेन्सिल

दोन्ही फंडांची माहितीपत्रकं मी आदल्या दिवशी टिळकवाडीतल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली होती. स्क्रीनवर मला हिशेब दिसत नाही, कागदावर दिसतो. प्रत्येकी दोन पानं. पहिल्या पानावर परताव्याचा चढता आलेख, ठळक आकडे, मोठं नाव. दुसऱ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात देशांचा तक्ता. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून मी लाल पेन्सिलीने एकेक देश खोडत गेलो. ऑस्ट्रेलिया इकडे, ऑस्ट्रेलिया तिकडे. हाँगकाँग, हाँगकाँग. सिंगापूर, सिंगापूर. न्यूझीलंड, न्यूझीलंड. पहिला कागद संपला. दुसऱ्यावर एक ओळ खोडायची राहिली: दक्षिण कोरिया. आणि ती चिल्लर ओळ नव्हती. फंडाचा साधारण एक तृतीयांश भाग त्या एका ओळीत होता. कंपन्यांच्या यादीत सगळ्यात वर सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स. पहिल्या फंडात सॅमसंगचा पत्ताच नव्हता. तिथे वरच्या ओळींत खाणवाली बीएचपी, कॉमनवेल्थ बँक, औषधवाली सीएसएल आणि हाँगकाँगची विमा कंपनी एआयए.

म्हणजे एका फंडात ऑस्ट्रेलियाच्या बँका आणि खाणी हा मुख्य माल. दुसऱ्यात तोच माल, पण तिसरा हिस्सा चिप, मोबाईल, बॅटरी आणि मोटारींचा. नावात फरक एका शब्दाचा, आत फरक अख्ख्या देशाचा.

पुतण्या तिकडे लॅपटॉपवर तेच पान उघडून बघत होता. थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "पण कोरिया विकसितच देश आहे की. मग त्यांनी का नाही धरला?"

कारण विकसित कोण हे देश स्वतः ठरवत नाही. निर्देशांक बनवणारी कंपनी ठरवते. एफटीएसईने सप्टेंबर 2009 मध्ये दक्षिण कोरियाला विकसित बाजारांत घेतलं. एमएससीआयने आजवर घेतलेलं नाही. त्यांच्या लेखी तो उदयोन्मुख. कोरियाची श्रीमंती त्यांना अमान्य नाही, तक्रार बाजाराच्या व्यवहाराबद्दल आहे: कोरियाचं चलन वॉन देशाबाहेर मोकळेपणी बदलता येत नाही, परदेशी गुंतवणूकदाराला तेव्हा नोंदणीची कटकट होती, वगैरे. विकसित करायचं का, यासाठी काही वर्षं कोरिया त्यांच्या विचाराधीन यादीत होता. 2014 मध्ये यादीतूनही काढला. उलटही होतं. ग्रीसला एमएससीआयने 2013 मध्ये विकसितमधून खाली उतरवलं, इस्रायलला 2010 मध्ये वर घेतलं.

"म्हणजे दोन तलाठी आणि दोन नकाशे," दादा म्हणाला.

इथे मला चंदगड आठवलं.

चंदगडचं भात

आमच्या आत्याचं सासर चंदगड तालुक्यात. 1956 पर्यंत तो तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढं मुंबई राज्यात राहिलं आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं गेलं. आत्याचं घर हललं नाही, विहीर हलली नाही, भाताची खाचरं होती तिथेच राहिली. हद्द तेवढी हलली.

दादाला मी विचारलं: समज, तुला दोन्ही जिल्ह्यांच्या भाताची बेरीज करायचीय. बेळगावचं भात तू 1956 च्या आधीच्या वहीतून घेतलंस आणि कोल्हापूरचं नंतरच्या वहीतून. काय होईल?

"चंदगडचं भात दोनदा येईल."

आणि उलट केलंस तर? बेळगाव नव्या वहीतून आणि कोल्हापूर जुन्या वहीतून?

"मग आत्याचं भात कुणाच्याच खात्यात नाही."

अख्ख्या प्रकरणाचा गाभा हाच. पुतण्याचा उदयोन्मुख बाजारांचा फंड एमएससीआयच्या वहीवर चालतो, म्हणजे त्यात कोरिया आहे. तेव्हा त्या निर्देशांकाचा साधारण बारा टक्के भाग कोरियाचा होता. आता पाचव्या कप्प्यासाठी एफटीएसईची वही वापरली तर कोरिया दोनदा येणार. एखाद्याकडे उदयोन्मुख फंड एफटीएसईचा असेल आणि पॅसिफिक फंड एमएससीआयचा, तर त्याच्याकडे कोरियाच नसणार, आणि कागदावर मात्र 'सगळं जग घेतलंय' असं लिहिलेलं असणार. दुसरी चूक जास्त वाईट, कारण दोनदा आलेलं कधीतरी डोळ्यांत भरतं, न आलेलं दिसत नाही.

आकडे मांडले. उदयोन्मुखमधल्या 6,000 पैकी बारा टक्के म्हणजे 720 युरो कोरियात आधीच होते. एफटीएसईवाला फंड 6,000 चा घेतला तर त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे 2,000 आणखी. एकूण 40,000 पैकी 2,720. जवळजवळ सात टक्के. जगाच्या एकूण शेअर बाजारात कोरियाचा वाटा तेव्हा दीड टक्क्याच्या आतबाहेर. पोराने कोरियावर कधी पैज लावली नव्हती, कोरियाचा विचारही केला नव्हता. 0.05 टक्के वाचवायला निघाला आणि त्या बाजारात चौपट-पाचपट वाटा घेऊन बसणार होता.

त्या 0.05 चाही हिशेब सांगतो. 6,000 वर वर्षाला 3 युरो. स्टुटगार्टात एक कॉफी.

एवढं झाल्यावर पुतण्यानेच आपला युरोपचा फंड तपासला आणि हसायला लागला. तो एफटीएसईचा निघाला. एफटीएसईने सप्टेंबर 2018 मध्ये पोलंडला विकसित केलंय, एमएससीआयकडे पोलंड उदयोन्मुख. म्हणजे पोलंड त्याच्याकडे गेली तीन वर्षं दोनदाच होतं. किती, ते काढलं: दोन्हीकडचं मिळून शंभर-सव्वाशे युरोचा मामला. सोडून दिलं. प्रत्येक बांधावरून भांडण उकरून काढायचं नसतं.

हाँगकाँगचीही एक गंमत त्याच वेळी कळली. पुतण्याला वाटत होतं की या कप्प्यात टेन्सेंट असणार, कारण तो शेअर हाँगकाँगच्या बाजारात मिळतो. नाही. हाँगकाँगात विकल्या जाणाऱ्या चिनी कंपन्या दोन्ही निर्देशांकवाले चीनमध्ये मोजतात. दुकान कुठल्या गल्लीत आहे याला महत्त्व नाही, घर कुठलं ते बघतात. बीएचपीचं आणखी वेगळं. ती कंपनी वर्षानुवर्षं लंडन आणि सिडनी दोन्हीकडे अर्धी अर्धी होती. जानेवारी 2022 मध्ये तिने दोन्ही अर्धी एकत्र करून मुख्य नोंदणी सिडनीत नेली आणि लंडनच्या एफटीएसई 100 मधून बाहेर पडली. जुन्या युरोप फंडात तिचा तुकडा होता, आता तो अख्खा पॅसिफिकमध्ये.

माझी चूक

परताव्याच्या तुलनेत मी स्वतः फसलो होतो, तेही सांगायला हवं. आदल्या रात्री दोन्ही कागद बघून मी वहीत लिहिलं होतं: दुसरा फंड वर्षाला फारच पुढे. सकाळी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं, एका पत्रकावरचा परतावा युरोत आहे आणि दुसऱ्यावरचा डॉलरमध्ये. तीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या माणसाने चलन न बघता दोन आकडे शेजारी मांडले. घरी कुणाला सांगितलं नाही, पुतण्याला सांगितलं.

फरक किती मोठा होता बघा. पत्रकं सप्टेंबरअखेरची. सप्टेंबर 2022 अखेर एक युरो म्हणजे 98 सेंट. तेव्हा युरो डॉलरच्याही खाली गेला होता. सप्टेंबर 2023 अखेर 1.057 डॉलर. म्हणजे वर्षभरात युरो डॉलरच्या तुलनेत सुमारे 8 टक्के वधारला. एकच फंड, एकच दिवस, पण डॉलरमध्ये लिहिला तर युरोपेक्षा आठ टक्क्यांच्या आसपास जास्त कमावलेला दिसणार. पोरगा पगार युरोत घेतो, खर्च युरोत करतो. त्याला डॉलरचा आकडा काय कामाचा?

चलन एक केल्यावरही दुसरा फंड पुढेच होता, पण आता अंतर समजण्यासारखं होतं. सप्टेंबर 2022 अखेर कोरियाचा कोस्पी निर्देशांक 2155 वर, म्हणजे तळाजवळ. वर्षाने 2465. मोजणी तळापासून सुरू केली की कुठलीही गोष्ट चढलेलीच दिसते. पावसाळ्याआधी राकसकोपच्या तलावाची पातळी मोजून ऑक्टोबरशी ताडली तर बेळगावचं पाणी कधीच संपणार नाही असं वाटेल.

म्हणून एक वर्षाचा रकाना आम्ही पेन्सिलीने काटच मारला. एका गोष्टीची तुलना मात्र केली: प्रत्येक फंड स्वतःच्या निर्देशांकाच्या किती मागे राहिला. इंडेक्स फंडाच्या कामाची परीक्षा तेवढीच. दोघेही खर्चाच्या आसपासच मागे होते, दोघेही ठीक. ऑस्ट्रेलिया वर गेला की खाली, याचं श्रेय किंवा दोष फंड चालवणाऱ्याचा नव्हे.

दादाचा उपप्रश्न, आणि किरकोळ गोष्टी

"आपल्याला इथून घेता येईल काय ओ असला फंड?" हा प्रश्न दादाने मला नाही, लॅपटॉपला विचारला. थोडक्यात सांगितलं. भारतातले जे म्युच्युअल फंड परदेशात पैसे लावतात त्यांना सगळ्यांना मिळून 7 अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आल्यावर 2022 च्या सुरुवातीला बऱ्याच योजनांनी नवे पैसे घेणं थांबवलं होतं. स्वतः बँकेतून पाठवायचे तर माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परवानगी आहे, पण नुकत्याच, 1 ऑक्टोबर 2023 पासून, 7 लाख रुपयांवरच्या रकमेला बँक 20 टक्के कर आगाऊ कापून घ्यायला लागली होती. (2025 च्या एप्रिलपासून ती 7 ची पायरी 10 लाख झाली.) तो कर रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "राहू दे. मी आपलं भट्टीचं अस्तर बदलतो."

लाभांशाबद्दल एकच. ऑस्ट्रेलियन कंपन्या लाभांश सढळ हाताने वाटतात, कारण तिथल्या भागधारकाला कंपनीने भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. परदेशी फंडाला ते मिळत नाही. म्हणून लाभांशाचा मोठा आकडा बघून भुलायचं नाही. पहिला फंड लाभांश आतच जिरवणारा, दुसरा हातात देणारा होता. जर्मनीत 2023 साठी जिरवणाऱ्या फंडांवरही थोडा आगाऊ कर लागू झाला होता, पण वर्षाला 1,000 युरोपर्यंतचं असं उत्पन्न करमुक्त. बँकेला आधी अर्ज देऊन ठेवला की झालं. त्याने दिला होता. विषय संपला.

खरेदीच्या वेळेची बाब मात्र मला रंजक वाटली. झेट्रा सकाळी 9 ला उघडतो. हिवाळ्यात त्या वेळेआधी सिडनी बंद होऊन तीन तास झालेले असतात. म्हणजे झेट्रावरचा व्यापारी ज्या शेअरांची टोपली विकतोय त्यांचा बाजार झोपलेला, आणि तो अंदाजाने भाव लावतोय. अंदाजाचं भाडं तो खरेदी-विक्रीच्या भावातल्या अंतरात घेतो. म्हणून भाव ठरवून ऑर्डर टाकायची, 'मिळेल त्या भावाने' नाही.

6,000 आले कुठून

आता निर्णय सोपा दिसत होता. एमएससीआयवाला फंड घ्यायचा, कारण उदयोन्मुख फंड त्याच वहीतला आहे. आणखी एक फायदा होता जो मला जास्त पटला. उद्या एमएससीआयने कोरियाला विकसित ठरवलंच, तर त्यांच्याच एका निर्देशांकातून तो बाहेर पडेल आणि दुसऱ्यात शिरेल. विचाराधीन यादीत घेणं, मग घोषणा, मग अंमलबजावणी, असं ते वर्ष-दोन वर्षं आधी सांगून करतात. दोन्ही फंड एका घरातले असले की सामान या खोलीतून त्या खोलीत जातं, पुतण्याला काही करावं लागत नाही.

पण मला रकमेचं कोडं सुटेना. 6,000 च का? विचारलं तर उत्तर आलं: तेवढेच साठलेत आणि हाच कप्पा रिकामा आहे.

मग उलटा हिशेब केला. विकसित जगाच्या निर्देशांकात हे चार देश मिळून तीन टक्केही नीट भरत नाहीत. पुतण्याचे विकसित बाजारांतले 28,000. त्याला शोभेल असा कप्पा म्हणजे आठ-नऊशे युरोचा. आणि हा भरायला निघाला होता 6,000, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या बँका आणि खाणींना जपानच्या दुप्पट मान. दोन तास आम्ही कोरिया कुठल्या हद्दीत यावर घालवले होते, आणि ज्या जमिनीची हद्द मोजत होतो ती मुळात परसाएवढी होती. डब्यातले सगळे कप्पे एका मापाचे असतात म्हणून त्यांत पदार्थ सारख्या मापाने भरत नाहीत. लोणच्याच्या कप्प्यात भात भरला तर जेवणार कसं?

त्याला हे लागलं. आधी थोडा वाद घातला, मग 1,500 वर आला. माझ्या हिशेबाने तेही जास्त, पण तो म्हणाला, "काका, एवढ्यासाठी फंड घेतल्यासारखं तरी वाटू दे." ठीक. उरलेले 4,500 आधीच्या चार फंडांत आधीच्याच प्रमाणात.

मी एक अट घातली. छापलेल्या पत्रकाच्या मागे आज काय ठरलं आणि का, ते त्याने सांगायचं, मी लिहायचं, आणि त्याने फोटो काढून ठेवायचा. हिशेबाच्या वहीत प्रत्येक नोंदीखाली कारण लिहायची आम्हाला सवय होती: 'अमुक यांस रोख दिले, बद्दल सँड.' बद्दल नसेल तर नोंद अर्धी. त्याने सांगितलं ते मी लिहिलं: "एमएससीआय पॅसिफिक, 1,500. कोरिया आवडत नाही म्हणून नव्हे, कोरिया आधीच आहे म्हणून."

त्यानंतर

ऑर्डर टाकायची ती पुढच्या सोमवारी, 6 नोव्हेंबरला. त्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर तिकडून एकामागून एक मेसेज. रविवारी कोरियाच्या सरकारने शेअर बाजारातली शॉर्ट सेलिंग, म्हणजे उसना शेअर घेऊन आधी विकण्याचा व्यवहार, बंद केली होती, आणि सोमवारी कोस्पी एका दिवसात साडेपाच टक्क्यांहून जास्त उसळला. "काका, अजून वेळ आहे, दुसरा घेऊ का?"

मी फक्त नोंदीचा फोटो त्यालाच परत पाठवला. त्याने पहिलाच घेतला, ठरल्या भावाने, दुपारी. मंगळवारी कोस्पी दोन टक्क्यांहून अधिक पडला. त्यावर त्याचा काही मेसेज आला नाही.

त्या बंदीचा एक उलटा परिणाम असा की एमएससीआयला नाराजीचं आणखी एक कारण मिळालं. डिसेंबर 2023 मध्ये कोरियाने परदेशी गुंतवणूकदारांची नोंदणीची अट काढून टाकली, म्हणजे एक जुनी तक्रार मिटली. पण जून 2024 च्या आढाव्यात कोरिया उदयोन्मुखच राहिला. शॉर्ट सेलिंग 2025 च्या मार्चअखेर पुन्हा सुरू झाली. जून 2025 मध्येही जैसे थे.

आणि मग 2025 मध्ये कोरिया धावला. कोस्पी वर्षभरात सुमारे 75 टक्के वर गेला. आम्ही नाकारलेल्या फंडाने आम्ही घेतलेल्याला त्या वर्षात किती मागे टाकलं असेल, हे समजायला पत्रकाची गरज नाही. पुतण्या सुट्टीला आला तेव्हा जेवण झाल्यावर त्याने तेच काढलं. वहिनीने कुंद्याची वाटी पुढे ठेवली होती, ती तशीच.

"6,000 चा तो घेतला असता तर?"

तर 2,000 कोरियात असते आणि आज तू मला हुशार म्हणाला असतास, मी म्हटलं. पण 2023 मध्ये तू कोरिया निवडत नव्हतास. तू 0.15 टक्के निवडत होतास.

त्याने फोनवर जुना फोटो शोधला. माझं तिरकं अक्षर, 'कोरिया आधीच आहे म्हणून'. मग उदयोन्मुख फंडाचं ताजं पत्रक उघडून देशांचा तक्ता काढला, आणि कोरियाच्या ओळीपुढचा आकडा मला वाचून दाखवला. बारावरून चांगलाच पुढे गेला होता. दादा शेजारी पान लावत बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "उद्या चंदगडला आत्याकडं जायचंय न्हवं? गाडीत डिझेल कुठल्या बाजूला भरायचं, इकडं की हद्द ओलांडून?"

"भाव बघून," पुतण्या म्हणाला आणि वाटी ओढून घेतली.